माईक बंद कर बे! : गेममधल्या जंगलांबद्दल

मी पहिलं जंगल टीव्हीवर पाहिलं, असं सांगितलं तर राजुऱ्याची माणसं हसतील. आमच्या गावाच्या एका बाजूला वर्धा नदी आणि तिच्या आजूबाजूला वेकोलिच्या कोळसा खाणी. दुसऱ्या बाजूला विरूरकडे जाणारा रस्ता आणि सागाचं जंगल. पण चौथीतल्या पोराला जंगलात कोण जाऊ देतं? त्यामुळे ‘जंगल’ म्हणून डोळ्यांत जे पहिल्यांदा बसलं, ते ‘काँट्रा’च्या पहिल्या लेव्हलचं. हिरव्या झाडांची एक पट्टी, खाली पाणी, आणि डावीकडून उजवीकडे पळणारा उघडाबंब माणूस.

तेव्हापासून आजवर मी बऱ्याच गेम खेळलो. भाड्याच्या डब्यावर, सायबर कॅफेत, हॉस्टेलच्या लॅपटॉपवर आणि मोबाइलवर. त्या सगळ्यांचा हिशोब मांडायचा नाही. ज्यांत जंगल आहे, किंवा असायला हवं होतं, तेवढ्यांबद्दलच बोलायचं आहे. कारण २०२० च्या ऑगस्टमध्ये एका रात्री मला कळलं, की जंगलाबद्दलच्या माझ्या बऱ्याच कल्पना गेममधून आलेल्या आहेत आणि त्या चुकीच्या आहेत.

उजवीकडे पळत राहा

उन्हाळ्याच्या सुट्टीत व्हिडिओ गेम दिवसाच्या भाड्यावर मिळायचा. सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यावर ‘९९९९९९९ इन १’ छापलेलं, पण आत खेळ आठ-दहाच. बाकी सगळे तेच, नावं बदलून. कॅसेट लागली नाही की तिच्यात फुंकर मारायची. जपानच्या कोनामी कंपनीची ‘काँट्रा’ १९८७ ची. आम्ही ती पंधरा वर्षं उशिरा खेळत होतो, हे आम्हाला कुठं माहीत होतं? आमच्यासाठी ती नवीकोरीच होती.

आज पुन्हा खेळून पाहिली तर ‘काँट्रा’ अजूनही उत्तम गेम आहे. एक गोळी लागली की मेलात. माफी नाही. उडी कधी मारायची, कुठं आडवं पडायचं, हे हाताला पाठ होईपर्यंत मरत राहायचं. आणि त्यात सेव्ह करायची सोय नाही. आमच्याकडे याचा अर्थ वेगळा होता. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र त्या काळात २३४० मेगावॅटचं, आमच्या घरापासून तासाभरावर. तरीही लोडशेडिंग आम्हाला चुकलं नाही. पाचव्या लेव्हलला पोचलो की पंखा बंद, टीव्ही बंद. पुन्हा पहिलं जंगल. त्यामुळे ते पहिलं जंगल मी बाकीच्या लेव्हलींपेक्षा शंभर पटींनी जास्त वेळा पार केलं असेल.

आणि तरी त्या जंगलाबद्दल मला काहीही आठवत नाही. कारण त्यात काहीच नाही. एक पाखरू नाही, एक किडा नाही. झाडं म्हणजे मागे लावलेला पडदा. जे हलतं ते शत्रू, आणि जे हलत नाही त्याचा विचार करायचा नाही. ‘काँट्रा’ला याचा दोष देण्यात अर्थ नाही, तेव्हाच्या मशीनमध्ये तेवढीच जागा होती. पण पुढे मशीन मोठ्या झाल्या आणि नियम तोच राहिला, ही तक्रार आहे.

‘काँट्रा’ची एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की राहिली. तिसरी लेव्हल धबधब्याची. दोघांनी मिळून खडकांवरून वर चढत जायचं. स्क्रीन वरच्या खेळाडूसोबत वर सरकते. वरच्याने घाई केली की खालचा स्क्रीनच्या बाहेर राहतो आणि मरतो. त्याला शत्रू मारत नाही, सोबती मारतो. आमच्या गल्लीतली निम्मी भांडणं या धबधब्यावरून झाली आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जंगल नसलेली वर्षं

मग नोकिया ११०० वरचा साप आला. मग सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने ‘व्हाइस सिटी’. तिच्याबद्दल सगळे चीट कोडच्या आणि रणगाड्याच्या गोष्टी सांगतात. मला ती आवडली ती शहर म्हणून. नागपूरच्या पलीकडे काही न पाहिलेल्या पोराला समुद्राकाठचा रस्ता, रात्रीचे निऑन दिवे, गाडीतला रेडिओ हे सगळं नवीन होतं. मी मिशन सोडून नुसती गाडी चालवायचो. कधीकधी सिग्नलला थांबायचो. बाजूच्या खुर्चीवरचा पोरगा म्हणायचा, “पैसे काय थांबाले देऊन राहिला का बे?” ‘क्रिकेट ०७’ तर आम्ही इतकी वर्षं खेळलो, की त्यातले खेळाडू निवृत्त झाले आणि नवीन टीमचे पॅच टाकून तीच गेम पुढे चालू राहिली. या गेमनी मला आनंद दिला. त्यांच्याबद्दल याहून जास्त काही म्हणायचं नाही.

वाघाचं पाकीट

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर ‘फार क्राय ३’ हाती लागली. २०१२ ची, युबीसॉफ्टची. उष्ण प्रदेशातलं बेट, दाट झाडी, आणि त्यात खरोखरची जनावरं : हरणं, रानडुकरं, बिबटे, वाघ. मी हरखून गेलो. पहिल्यांदाच गेममधलं जंगल पडदा नव्हतं. झाडीत खसखस व्हायची. मागून काहीतरी येऊन झेप घ्यायचं.

दोन दिवसांनी लक्षात आलं, की या जंगलात प्रत्येक गोष्टीला किंमत लावलेली आहे. पानं तोडली की औषध. जनावर मारून कातडं सोललं की पाकीट मोठं, गोळ्यांची पिशवी मोठी. वाघ दिसला की माझ्या डोक्यात पहिला विचार यायचा : हे कातडं कशाला लागतं? झेप घेतलेल्या जनावराच्या तावडीत सापडलात तरी घाबरायचं कारण नाही, स्क्रीनवर बटण दिसतं, ते दाबत राहायचं. आणि जंगल ओळखायचं कसं? तर रेडिओचे टॉवर आहेत, त्यांवर चढायचं. वर पोचलं की आजूबाजूचा नकाशा आपोआप उघडतो.

गेमचा नायक अमेरिकेतून सुट्टीला आलेला एक श्रीमंत पोरगा आहे. काही दिवसांत तो त्या बेटावरचा सगळ्यात तरबेज शिकारी होतो. पिढ्यान् पिढ्या तिथं राहणारे लोक त्याची वाट पाहत बसलेले. गेम लिहिणाऱ्यांनी हे उपरोधाने केलंय असं कोणी म्हणेल. असेलही. पण हात उपरोध शिकत नाहीत, हात कातडं सोलायला शिकतात. ‘फार क्राय ३’ मी दोनदा पूर्ण केली. मजा आली, हे खोटं कशाला बोलू? पण आमच्याकडे तेंदूपत्ता तोडायला जाणारी बाई जंगलात एका पानासाठी किती वेळा मागे वळून पाहते, हे त्या गेमच्या एकाही माणसाला माहीत नव्हतं, हे नक्की.

फुटस्टेप

२०२० चा लॉकडाऊन. पुण्याची नोकरी लॅपटॉपवर घेऊन मी राजुऱ्यात. शाळेतले चौघं पुन्हा एकत्र आलो ते पब्जीवर. तिघं घरात बसून खेळायचो. चौथ्याचं शेत जंगलाला लागून. कपाशी, सोयाबीन. रानडुकरं एका रात्रीत सोयाबीन उलथून टाकतात, म्हणून तो जागलीला जायचा. मचाणावर बसून राखण करायची, मधूनमधून ओरडायचं, टॉर्च फिरवायचा. नशिबाने तिथं नेटवर्क होतं. त्यामुळे आमचा चौथा गडी मचाणावरून खेळायचा.

त्याच काळात राजुरा आणि विरूरच्या जंगलात आरटी-१ नावाचा वाघ फिरत होता. नाव म्हणजे वनखात्याचा क्रमांक. त्याच्या हल्ल्यांत आठ माणसं गेली. पिंजरे लावले होते, कॅमेरे लावले होते, आणि महिने चालले होते. शेतात एकट्याने जायचं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण डुकरांना ते माहीत नव्हतं, म्हणून जागल चुकत नव्हती.

आता थोडं पब्जीबद्दल, गेम म्हणून. तिच्यावर व्यसन, हिंसा यांबद्दल बरंच लिहून झालं आहे. तिची रचना किती हुशार आहे, याबद्दल मराठीत मी फारसं वाचलेलं नाही. शंभर माणसं, एक नकाशा, लहान होत जाणारं वर्तुळ. आणि खरा खेळ कानांचा. पावलांचा आवाज डावीकडून की उजवीकडून, गवतावर की लाकडी जिन्यावर, हे ज्याला कळतं तो वाचतो. म्हणून सगळे इअरफोन लावतात. ज्याच्याकडे इअरफोन नाहीत, त्याच्यासाठी छोट्या नकाशावर पावलांची खूण उमटते. म्हणजे आवाजाचं चित्र होतं.

दुसरी गोष्ट गवताची. जे खेळतात त्यांना ठाऊक आहे, नसेल तर ऐका. तुम्ही गवतात आडवे पडता आणि तुम्हाला वाटतं, आपण लपलो. पण ठराविक अंतरापलीकडचं गवत मोबाइल काढतच नाही. लांबच्या खेळाडूला तुम्ही उघड्या मातीवर पडलेले दिसता. गवत फक्त तुमच्यासाठी असतं.

ऑगस्टमधली रात्र. सॅनहॉकचा नकाशा : चार बाय चार किलोमीटरचा, हिरवागार, पावसाळी. शेवटची दहा-बारा माणसं उरली होती. वर्तुळ लहान झालेलं. इतक्यात चौथ्याच्या माईकमधून एक आवाज येऊ लागला. कर्कश, तुटक, थोडं थांबून पुन्हा तसाच. तो हळू म्हणाला, “थांबा बे, इकडं काहीतरी आहे.”

मी म्हणालो, “माईक बंद कर बे, फुटस्टेप ऐकू येऊन नाही राहिल्या.”

हे मीच म्हणालो. दुसरं कोणी म्हणालं असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

त्याचा माईक बंद झाला. स्क्रीनवर त्याचा माणूस गवतात आडवा पडून राहिला, हलेना. आम्ही त्याला शिव्या दिल्या. थोड्या वेळाने लांबून कोणीतरी त्याला टिपलं. आम्ही तिघं दुसरे आलो आणि ‘तो असता तर चिकन डिनर पक्कं होतं’ म्हणत झोपलो.

सकाळी व्हॉट्सॲपवर त्याने फोटो पाठवला. धुऱ्यावरच्या ओल्या मातीत पंजाचा ठसा, बाजूला मापासाठी ठेवलेली त्याची चप्पल. तो आवाज चितळाचा होता. वाघ-बिबट दिसला किंवा त्याचा वास आला की चितळ असं ओरडतं, आणि बाकीच्यांना कळतं. त्याने इअरफोन काढून, फोन बंद करून, अंधारात उजाडेपर्यंत बसून काढली होती. काहीही झालं नाही. वाघ कोणता होता, तेही कळलं नाही. फोटोखाली त्याने एवढंच लिहिलं होतं : “तुमचा आवाज कानात होता म्हून मले चितळ उशिरा ऐकू आलं.”

मला धबधबा आठवला. वर पळणारे आम्ही, आणि स्क्रीनच्या खाली राहिलेला तो.

पुढे २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पब्जीवर बंदी घातली. ऑक्टोबरच्या शेवटी आरटी-१ जिवंत पकडला गेला आणि त्याला नागपूरला गोरेवाड्याला नेलं. गावात दोन्ही बातम्यांवर चर्चा झाली. पहिली पोरांनी केली, दुसरी सगळ्यांनी.

जंगलात तिसरा असतो

त्या रात्रीनंतर गेममधल्या जंगलांचं काय चुकतं, ते मला नीट सांगता येऊ लागलं. त्यात दोनच पक्ष असतात : मी आणि माझा शत्रू. बाकी सगळं एकतर आडोसा, नाहीतर माल. खऱ्या जंगलात नेहमी तिसरा असतो. चितळ, वानर, टिटवी. ते तुमच्या बाजूचे नसतात, वाघाच्याही नसतात. ते आपापल्या लेकरांना सांगत असतात आणि ज्याला ऐकायचंय तो ऐकतो. जंगलात जगणारी माणसं या तिसऱ्याच्या भरवशावर जगतात. पब्जी कानांना इतकं महत्त्व देते, पण तिच्यात ऐकायचं ते फक्त मारणाऱ्याचं पाऊल. तिसऱ्याचा आवाज तिथं ‘डिस्टर्बन्स’ होतो. मी त्याला तेच समजलो.

जंगलाबद्दलची मी खेळलेली सगळ्यात चांगली गेम ‘फायरवॉच’. २०१६ ची, कॅम्पो सँटो नावाच्या लहानशा स्टुडिओची. १९८९ चा उन्हाळा, अमेरिकेतलं वायोमिंगचं जंगल. हेन्री नावाचा माणूस वणवा दिसतो का ते पाहण्याच्या नोकरीवर येतो आणि एका टॉवरवर एकटा राहतो. पलीकडच्या टॉवरवर त्याची वरिष्ठ डिलायला. दोघांत फक्त वॉकीटॉकी. बंदूक नाही, गुण नाहीत. हातात कागदी नकाशा आणि होकायंत्र. ‘फार क्राय’मध्ये टॉवरवर चढलं की नकाशा उघडतो, इथं टॉवरवरून खाली उतरून चालल्याशिवाय काहीच कळत नाही.

चार-पाच तासांची गेम. मध्यात रहस्य वाढत जातं : कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय, काहीतरी मोठा कट आहे. शेवटी कट वगैरे काही नसतं, असते ती एका माणसाची साधी, दुःखी गोष्ट. या शेवटावर पुष्कळ खेळाडू चिडले. मला तो शेवटच सगळ्यात खरा वाटला. एकटा माणूस जंगलात राहिला की त्याचं मन कट रचतं. जागलीवरच्या कोणालाही विचारा.

आणि वणवा. गेममध्ये डिलायला हेन्रीला आगीला नाव द्यायला सांगते, आणि दोघं लांबून ती पाहत गप्पा मारतात. सुंदर प्रसंग आहे. पण आमच्याकडे आग लांबून पाहायची गोष्ट नसते. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि कधी ती ठिणगी पुढे जाते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा आगीचा हंगाम. जाळरेषा काढायच्या, रोजंदारीवरच्या मजुरांनी ब्लोअर पाठीवर घेऊन पाला उडवायचा, आणि विझवायला पायी जायचं. ज्याच्या चुलीचा प्रश्न आहे तोही खरा, आणि ज्याला ती आग विझवायची आहे तोही खरा. अशी अडचण ‘फायरवॉच’च्या जंगलात नाही, कारण तिथं राहणारं कोणी नाही. लोक येतात, सुट्टी घालवतात, जातात.

जिथं राहतात तिथल्या लोकांसोबत बसून केलेली गेम कशी असते, ते ‘नेव्हर अलोन’मध्ये दिसतं. २०१४ ची, अलास्कातल्या इन्युपियाक लोकांच्या गोष्टीवरची. एक मुलगी, एक पांढरा कोल्हा, बर्फाचं वादळ. खेळायला थोडी अडखळते, उड्या नीट लागत नाहीत. पण खेळता खेळता तिथल्या माणसांच्या मुलाखती उघडत जातात आणि वाऱ्याला ते काय समजतात ते कळतं. आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणली. भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजवाडे, भिंतींवरची चित्रं. डोळे सुखावतात; मारामारी मात्र लवकरच तीच ती होते आणि शेवट तोडल्यासारखा येतो. तरी पहिल्यांदा कोणीतरी आपल्या मातीतलं इतक्या जीव लावून काढलं, म्हणून मी ती आनंदाने पूर्ण केली. गोंड, माडिया, कोलाम यांच्या मुलखातली गेम अजून माझ्या हाती लागलेली नाही. ती लागली तर तिच्यात देव-दानवांची लढाई नसली तरी चालेल. मचाणावरची एक रात्र पुरे.

नवा नियम

गेल्या दिवाळीत मी चौथ्याला लॅपटॉपवर ‘फायरवॉच’ दिली. त्याने दोन संध्याकाळी बसून संपवली. इंग्रजी संवाद मी मधूनमधून सांगत होतो. कशी वाटली विचारलं, तर म्हणाला, “भारी आहे. पण एवढं जंगल, अन् एक जनावर काही सांगत नाही त्यात.” मी म्हणालो, पक्ष्यांचे, किड्यांचे आवाज आहेत की. तो म्हणाला, “आवाज आहे. सांगून कोणी नाही राहिलं.” दोन संध्याकाळींत त्याने केलेलं हे परीक्षण माझ्या या सगळ्या लेखापेक्षा बरं आहे.

२०२१ मध्ये बीजीएमआय आली, मध्ये गेली, २०२३ मध्ये पुन्हा आली. सुरुवातीला एक आवाज सांगतो, की हे आभासी जग आहे. आम्ही चौघं अजून खेळतो. तो आता मचाणावरून खेळत नाही. जागलीच्या दिवसांत आम्ही तिघंच खेळतो, चौथी जागा रिकामी ठेवून.

आणि एक नियम केला आहे. मॅच कोणत्याही टप्प्यावर असो, एकाने “थांबा बे” म्हटलं की सगळ्यांनी गप्प व्हायचं आणि तो काय ऐकतोय ते त्याला ऐकू द्यायचं. बहुतेक वेळा ते कुणाच्या आईची हाक असते, किंवा गल्लीतलं कुत्रं. त्या नियमापायी आम्ही पुष्कळ मॅच हरलो आहोत.